कुशीवर निजलेली मरिया

तिला सगळे थांबाबाई म्हणत, आणि हे नाव तिनं राबून कमावलं होतं. धंद्यानं सुईण. ऐन वेणांत "थांब गं बाई, आत्ता नाही, थांब" असं बजावण्यात तिची हयात गेली. नवरे तिला घाबरत, डॉक्टर तिच्याशी जपून बोलत, आणि बाया मात्र ओरडता ओरडता तिचाच दंड घट्ट धरून ठेवत.

अशा बाईनं एके दिवशी कामाची पिशवी माळ्यावर टाकली ती टाकलीच. का, ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण तिनंच केलं होतं. मुलगा झाला. रडला नाही. त्यानं थोडे श्वास घेतले, आजीच्या बोटाभोवती मूठ वळली, आणि तो तिच्या हातांतच गेला. हृदय जन्मतःच अधू होतं, कुणाचंच काही चाललं नसतं, असं धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. थांबाबाईनं मान डोलावली. पण डोक्याला पटलं म्हणून हातांना थोडंच पटतं? त्यानंतर एखाद्या शेजारणीनं कौतुकानं तान्हं पुढं केलं की ही म्हणायची, "नको गं, हात ओले आहेत माझे." भर उन्हात पायरीवर बसलेली असली तरी हात आपले ओलेच.

आता लेकीचे पुन्हा दिवस भरत आले होते. दवाखाना ठरला होता, डॉक्टरीणबाई ठरल्या होत्या. लेकीचा हट्ट एकच: बाळ आलं की पहिल्यांदा आईच्या हातात द्यायचं. डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. हरकत होती ती थांबाबाईची, आणि ती काही तोंडानं सांगत नव्हती. विषय निघाला की नेमकं तिचं चुलीवरचं दूध उतू जायचं. "नाताळपर्यंत काय ते सांग," लेक शेवटी म्हणाली. "नाही म्हण, मला चालेल. पण सांग." नाताळ उद्यावर आला तरी आईच्या तोंडाला कुलूप ते कुलूपच.

त्यात भर म्हणून यंदा गव्हाणीचा देखावा मांडायची पाळी तिच्या घरावर आली. त्यांच्या चर्चची रीतच तशी होती. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी गोठा, गुरं, मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे मांडायचे, गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. बाळाची मूर्ती कापडात गुंडाळून टोपलीत. नाताळच्या सकाळी, भरल्या चर्चसमोर, मांडणाऱ्या घरातल्या माणसानं ते बाळ हातांवर घेऊन यायचं आणि गव्हाणीत ठेवायचं. थांबाबाईनं गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं, सर्दीचं सांगून पाहिलं.

"प्लॅस्टरचं बाळ आहे, थांबाबाई," फादर हसून म्हणाले. "रडायचंसुद्धा नाही." फादर तसे देवमाणूस, पण कुठं काय बोलावं हे कळायची देणगी वाटताना देवानं त्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला होता. थांबाबाईनं टोपली उचलून पहिल्या बाकावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून पेंढा पसरायला घेतला.

दुपार सुस्तावलेली होती. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन फरशीवर सांडलं होतं आणि कुणाला घाई नसल्यासारखं हळूहळू वेदीकडे सरकत होतं. तिनं बैल बसवला, गाढव बसवलं, मेंढपाळांना दाराशी उभं केलं. मग मरियेला उचललं आणि तिचा हात थबकला.

"फादर, ही गुडघ्यांवर का बसलीय?"

"प्रार्थना करतेय ती."

"आत्ता बाळंत झालेली बाई? एवढा प्रवास करून आलेली? कुणी बसवलं हिला असं?"

"अहो, ते प्रतीक आहे."

"प्रतीकाच्या पाठीला कळ लागत नाही होय? मूर्ती करणारा पुरुषच असणार मेला."

फादरांनी कपाळाला हात लावला आणि एका आजारी म्हाताऱ्याला भेटायला निघून गेले. थांबाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. मग पेंढा जाडसर केला आणि मरियेला अलगद कुशीवर निजवलं. गुडघे मुडपलेले होतेच. जोडलेले हात आपसूक गालाखाली आले. कुणालाही वाटावं, दमून झोपलीय बिचारी. "थोडा वेळ पड," थांबाबाई पुटपुटली. "लोक यायच्या आत उठवते." एवढं बोलून ती स्वतः बाकावर टेकली. पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास येत होता. काचेचं निळं ऊन तिच्या पायांवर आलं आणि तिचा डोळा लागला.

कुणीतरी हाक मारत होतं. आयुष्यभर तिला अशाच हाका आल्या होत्या, त्यामुळे ती विचार न करता उठली आणि चालू लागली. पिशवी हातात होती. माळ्यावरून ती कधी काढली, ते आठवेना. गल्लीत धुकं होतं आणि सगळी दारं बंद. फक्त एका दाराखालून उजेडाची पट्टी बाहेर आली होती. आत गुरांचा ऊबदार श्वास होता. "उशीर झाला मला," ती म्हणाली. खरंच झाला होता. सगळं तिच्यावाचून पार पडलं होतं.

एक तरुण माणूस अंगरखा सांभाळत तिच्यासमोर आला. त्याच्या बाहीला लाकडाचा भुसा होता आणि त्याचे हात थरथरत होते. त्या हातांत कापडाचं गाठोडं होतं.

"धरता का जरा?" तो म्हणाला. "मी लाकूड धरलंय आजवर. हे असं कधी धरलं नाही."

"मानेखाली हात घाला," ती सवयीनं म्हणाली. "त्यांची मान धरत नाही अजून."

त्यानं हात सरकवला. तिनं पाहिलं. ज्यानं समुद्र आपल्या जागी बसवले, डोंगर उभे केले, त्याची मान धरत नव्हती. कुणीतरी हात दिला नसता तर ती मागं पडली असती. आणि आला होता तो कुठं, तर माणसांच्या हातांत. थरथरणाऱ्या, चुकणाऱ्या, वाचवू म्हटलं तरी वाचवू न शकणाऱ्या. सुरक्षित जागाच हवी होती तर स्वर्ग काय वाईट होता? माणसांचे हात कसे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? तरी आला होता.

"माझे हात..." ती म्हणू लागली, पण ते वाक्य तिथं पुरं होईना.

पेंढ्यात कुशीवर पडलेल्या मुलीनं डोळे उघडले. किती लहान होती ती! थांबाबाईनं आजवर कुठल्याही बाळंतिणीला विचारलं नव्हतं ते तिला विचारलं.

"जगेल ना गं हा?"

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दमणूक होती आणि कुठंतरी फार पुढचं काही दिसत असल्यासारखी सावली होती.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "घ्या तरी."

थांबाबाईनं हात पुढं केले.

"थांबाबाई! बाळ आत्ताच बाहेर?"

फादर समोर उभे होते. ऊन वेदीवर चढून तांबूस झालं होतं. थांबाबाईनं खाली पाहिलं. टोपली रिकामी होती, कापड सुटून पायाशी पडलं होतं आणि बाळ तिच्या मांडीवर होतं. तिचा डावा तळवा बरोबर त्याच्या मानेखाली होता. झोपेत तिनं ते केव्हा घेतलं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"उद्या सकाळी आणायचंय ते," फादर म्हणाले. "रीत आहे आपली."

"आलंय ते. आता काय परत पाठवू?"

थांबाबाई उठली. योसेफाच्या वाकवलेल्या हातात पूर्वी कंदील असे. तो कधीच हरवला होता. त्या कोपरात तिनं बाळ नीट बसवलं, वरून कापड गुंडाळलं. "आईला झोपू दे," ती म्हणाली. "तोवर बाप बघेल." फादर त्या गोठ्यापुढं वाकून बघू लागले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "राहू द्या," एवढंच म्हणून ते मेणबत्त्या लावायला गेले. या खेपेला नेमकं काय बोलू नये ते त्यांना कळलं, हेही नसे थोडके.

संध्याकाळच्या प्रार्थनेला अवकाश होता, पण लेक लवकर आली. हल्ली तिला गर्दीत उभं राहवत नसे. कमरेवर हात ठेवून ती गोठ्यापाशी थांबली, आणि आधी खुदकन हसली.

"ही तुझीच करणी."

मग हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबाबाईनं तिला बाकावर बसवलं.

"मला एक सांग," आई म्हणाली. आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता. "माझेच हात का हवेत तुला? त्याच हातांत तुझं पोर गेलं. मला वाटतं, तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. मला भीती वाटते गं. पुन्हा तसंच झालं तर?"

लेकीनं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी नाही म्हणत मी. आई, मला त्या दिवसातलं एकच आठवायला आवडतं. त्याला तू घेतलंस ते शेवटपर्यंत खाली ठेवलं नाहीस. डॉक्टरीणबाई मागत होत्या तरी मान धरून होतीस. त्याचं सगळं आयुष्य तुझ्या हातांवर गेलं. जन्मापासून मरेपर्यंत एक क्षणही त्याला कुणी सोडलं नाही. असं कितीजणांच्या वाट्याला येतं?"

ते हात थांबाबाईनं इतके दिवस गुन्हेगारासारखे पदराआड लपवले होते. ते तिनं पदराबाहेर काढले आणि बाळ घ्यायला धरतात तसे, तळवे वर करून, लेकीपुढं धरले. लेकीनं आपलं भिजलेलं तोंड त्यांत ठेवलं.

"बाळ आधी तुझ्याच हातात," लेक त्या तळव्यांतूनच म्हणाली. "मग येशील?"

"तू हाक मारायचा अवकाश," थांबाबाई म्हणाली.