शेपूट किंवा

माझा भाऊ जब्बार शिंपी चांगला, पण अकलेचा कांदा. बत्तीस साली त्याने शेलूबाजारात दुकान टाकलं आणि हटूनच बसला, पाटी इंग्रजीत पाहिजे! कारण कारंज्याचे लोक दुकान बघायला येणार होते, आणि दुकान पसंत पडलं तरच जुबेदाशी त्याचं लग्न ठरणार होतं. तिला त्याने कुठल्याशा लग्नात ओझरतं पाहिलं होतं. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांना उलट्या बाह्या जोडत होता.

रंगारी उदयसिंगाने शाळेतल्या मास्तरांकडून 'टेलर' हा शब्द इंग्रजीत लिहून आणला. फळी अरुंद, अक्षरं दांडगी. चार अक्षरांतच फळी संपली. मग मास्तरांना विचारून त्याने कडेला एक बारीक आडवी रेघ मारली आणि उरलेली दोन अक्षरं खालच्या ओळीत घेतली.

रेघ बघून जब्बार उखडला. "हे वजाचं चिन्ह काहून मारलं? नव्या दुकानावर वजाबाकी?"

"मास्तरनंच सांगतलं."

"मास्तरचं दुकान हाय का?" असं म्हणून त्याने चिंधीने रेघ पुसूनच टाकली.

बाजाराच्या दिवशी कारंज्याची दमणी दारात थांबली. पडद्याआड जुबेदा आणि तिची आई. पुढे बैलांजवळ तिचे मामा, शफीकमामू, खानदानात इंग्रजी शिकलेले एकटेच. त्यांनी चष्मा पुसला, पाटी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा अर्थ सांगितला.

"टेल म्हंजे शेपूट. ऑर म्हंजे किंवा. मियाँ, शेपूट किंवा?"

वांगी विकणाऱ्या गिरजाबाईने बसल्या जागेवरून हाक दिली, "माह्या बकरीचं तुटलं हाय जब्बारभाई, शिवून देता काय?"

अख्खा बाजार हसला. सख्खी बहीण असून मीही हसले. काय करू, आवरेना.

मामू मात्र हसले नाहीत. "आपल्या पाटीवर काय लिवलं हेच ज्याले समजत नाही, त्याले पोरगी कशी द्यावं?" म्हणत ते दमणीकडे वळले. जब्बारचा चेहरा असा उतरला की माझं हसू पळालं. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात पडद्यामागे बांगड्या वाजल्या. "मामू, विचारा ना," जुबेदा हसू दाबत म्हणाली, "शेपूट किंवा काय? पुढचं लिवलंच नाही."

"जुबेदा!" जब्बारच्या तोंडून निघून गेलं.

भर बाजारात, लग्नाआधी, पोरीचं नाव! मी कपाळावर हात मारला. आत मायलेकी इतक्या हसल्या की दमणी हलायला लागली. मग मामूंची दाढीही हलली.

"अरे बावळ्या," ते म्हणाले, "शब्द तुटला तं मधात आडवी रेघ मारतात. मंग दोन तुकडे मिळून एकच शब्द होते, अन् शेपटाचा शिंपी होते."

"मंग मारा म्हना रेघ," पडद्याआडून जुबेदाचा आवाज आला. "तोपर्यंत आमी काई जात नाही."

जब्बारने शेजारच्या दुकानाची पाटी रंगवत असलेल्या उदयसिंगाच्या हातातला ब्रश हिसकावला. घाईघाईत रेघ अशी ओढली की ती फळी ओलांडून भिंतीवर हातभर गेली. त्यानंतर त्या भिंतीला कितीदा चुना मारला, पण तेवढी रेघ जुबेदा पुसू देत नाही.