हिरवीची मोठी चाकं

धाकटी आली तेव्हा थोरली एका टॅक्सीखाली उताणी पडून सायलेन्सर आवळत होती. कोण आलंय ते बघायला तिला बाहेर यावं लागलं नाही. सहा सिलिंडरच्या त्या इंजिनाची घुमी गुरगुर ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. ती कानावर पडली, आणि तिने पाना जरा जास्तच जोरात फिरवला.

गाडी बाबांची. दोन दारांची, लांब नाकाची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. म्हणून घरात तिचं नाव 'हिरवी'. तरुणपणी बाबा तिला घाटाच्या शर्यतींत पळवायचे आणि एरवी या दुकानात लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करायचे. पुढे दुकान थोरलीने हातात घेतलं. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, उजेड आणि सावली एवढंच दिसायचं उरलं, तेव्हा त्यांच्या आंघोळीच्या पाण्यापासून डोळ्यांतल्या थेंबांपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. आणि हिरवीची चावी बाबांनी दिली ती धाकटीला. दुसऱ्या शहरात नाटकांचे सेट रंगवणाऱ्या, सुट्टीला दोन दिवस आलेल्या धाकटीला! जेवणं झाली होती, थोरली आत भांडी घासत होती. हात पुसत बाहेर आली, तर धाकटी चावी मुठीत धरून रडत होती आणि बाबा हसत होते. आयत्या बिळावर नागोबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. थोरलीने ते गिळलं. पण गिळलेलं पचतंच असं नाही.

"ताई, बाहेर ये ना. तुला काहीतरी दाखवायचंय."

थोरली सरपटत बाहेर आली. धाकटीने डिकी उघडली, मागच्या सीटवरची घोंगडी ओढली. चार नवी चाकं. मुद्दाम घडवून घेतलेली, पितळी रंगाची, खोल परातीसारखी आत गेलेली. हिरवीची मूळची चाकं यांच्यापुढे बशांसारखी दिसली असती.

"हिरवीला?" थोरलीने विचारलं.

"हिरवीला. मापं मी तीनतीनदा घेतलीत. पण बसवणार कोण? दुसऱ्या कुणाच्या हातात मी तिला देणार नाही." धाकटीने श्वास रोखून धरला होता. "बसवशील?"

आता, थोरलीचा लौकिक असा की जुन्या गाडीला कुणी काही नवं लावायला आलं, तर ती त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवायची. 'घडवणारे वेडे होते का?' हे तिचं ठरलेलं वाक्य. ते आत्ताही जिभेवर आलं. पण त्याच्या आधी दुसरंच काही मनात आलं, आणि ते इतकं गोड होतं की तिला स्वतःलाच दचकायला झालं. बाबा! बाबांनी आयुष्यभर या गाडीला आरशाच्या जागीही दुसरा आरसा लावू दिला नव्हता. त्यांनी या पराती हाताने चाचपल्या की काय होईल? लाडकीने काय करून ठेवलंय ते कळेल. कळेल की चावी चुकीच्या हातात पडली. आणि हे सांगायला थोरलीला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही.

"बसवते की," ती म्हणाली. "का नाही बसवणार?"

धाकटीने तिला तेलकट कपड्यांसकट मिठी मारली. थोरली लाकडासारखी उभी राहिली.

बाबा घरी झोपले होते. त्यांना काम झाल्यावरच आणायचं ठरलं. थोरलीने हिरवी आत घेऊन जॅकवर उचलली, जुनी चाकं काढली आणि दिवा घेऊन खाली शिरली. खरं सांगायचं तर ती खोट शोधत होती. कुठे गंज, कुठे तडकलेलं रबर, कुठे गळतं तेल. एक तरी! पण ब्रेकचे पाइप नवे होते, रबरं नवी होती, चाकांच्या वरच्या पोकळीतली मातीसुद्धा कुणीतरी ब्रशने काढलेली होती. मूल कुणाच्या तरी पदरात टाकावं आणि ते तिथे बाळसं धरताना पाहावं लागावं, तसं तिला झालं. शेवटी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. त्यात बाबांचे शर्यतीचे कातडी हातमोजे होते, बोटांशी झिजलेले. घरातलं कपाट उपसून थोरलीने ते कितीदा शोधले होते, आणि बाबा म्हणाले होते, "असतील कुठेतरी."

तिने कप्पा धाडकन लावला.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"बिजागरी सैल आहे."

काम मात्र तिने जीव लावून केलं. मनात काहीही असो, तिच्या हातांना खोटं काम येत नव्हतं. पुढची चाकं सरळ बसली. मागची मडगार्डच्या आतल्या कडेला लागणार हे उघड होतं. ती कड गरम हवेने ऊन करायची, म्हणजे रंग तडकत नाही, आणि रोलर फिरवत फिरवत आत दुमडायची. घाई केली की हिरव्या रंगाला भेग पडलीच म्हणून समजा. धाकटी हवेचं यंत्र धरून उभी राहिली, ताई म्हणेल तसं मागेपुढे करत. तिचा हात स्थिर होता. थोरलीला तेही खुपलं.

कड वळल्यावर तिने पुढच्या दोन्ही सीटवर जुन्या बॅटऱ्या रचल्या, दोन माणसांच्या वजनाच्या. गाडी दाबून, हलवून पाहिली. चाक कशालाही लागत नव्हतं.

मग ती हात धुऊन बाबांना आणायला गेली. वाटेत तिने त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचा हात धरून दुकानात आणलं, हिरवीच्या मागच्या चाकाशी नेऊन उभं केलं, आणि दोन पावलं मागे सरकली. नाटक बघायला बसलेल्या माणसासारखी.

बाबांनी हात पुढे केला. बोटं टायरवरून खाली आली, काठावर थांबली, मग आत, आणखी आत गेली. मनगटापर्यंतचा हात चाकात गेला.

"आली का शेवटी!" बाबा म्हणाले. "आणि खोली? मी सांगितली तेवढीच ठेवली ना?"

"तेवढीच," धाकटी म्हणाली. "बोटभर कमी करा म्हणत होता तो कारागीर. मी ऐकलं नाही."

"शाब्बास पाखरा. पितळी रंग?"

"पितळी."

थोरलीला वाटलं, पायाखालची फरशी कुणी काढून घेतली. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, चाकं माझीच! म्हणजे माझ्या डोक्यातली. शर्यतीत होतो तेव्हापासून हिरवीला असली चाकं घालायचं मनात होतं. तेव्हा कुणी बनवून देईना. मग म्हटलं, आता डोळे नाहीत तर नाहीत, हात तर आहेत." बाबा चाकावरून हात फिरवतच होते. "दर रविवारी फोनवर हेच चाललेलं असतं आमचं."

दर रविवारी. थोरलीला ते फोन माहीत होते. ती फोन लावून द्यायची आणि बाजार आणायला जायची.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस," बाबा सरळ म्हणाले. "हिला म्हटलं होतं, आधी चाकं आण, मग विचार. तरी ती हाकलून देईल. आणि तू तर बसवूनसुद्धा दिलीस! मोठे, मन मोठं आहे हो तुझं."

ती स्तुती थोरलीला मिरचीसारखी झोंबली. जे मन बाबा वाखाणत होते, त्यात काय होतं ते तिला एकटीला ठाऊक होतं. नाही म्हणावं तर उघडी पडणार, हो म्हणावं तर लाज. तिने जमिनीवरचे पाने पेटीत भरायला घेतले.

बाबांना चक्कर मारायची होती, लगेच. धाकटी चालवायला बसली, बाबा शेजारी. "ताई, तू मागे बस ना," धाकटीने पुढची सीट वाकवली. थोरली मागच्या अरुंद जागेत गुडघे छातीशी घेऊन बसली.

वळणापर्यंत ठीक होतं. पुढे रस्त्यावर एक खड्डा आला आणि मागून आवाज आला, खर्रर्र. पुढच्या उंचवट्यावर पुन्हा.

"थांबव!" थोरली ओरडली. "टायर कापला जाईल."

गाडी एका बंद गोदामाच्या भिंतीशी थांबली. थोरली उतरून चाकाशी वाकली. रबरावर ताजा ओरखडा होता. कारण तिला बघताक्षणी कळलं, आणि त्यानेच जास्त लागलं. बॅटऱ्या तिने दोन माणसांच्या ठेवल्या होत्या. तिसरं माणूस गाडीत बसेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते तिसरं माणूस ती स्वतः होती.

"दोघांपुरतीच जागा केलीय मी," ती म्हणाली. "तुम्ही जा. मी थांबते."

"अगं, पण..." धाकटी म्हणाली.

"जा म्हटलं ना!"

ते गेले. थोरली भिंतीला टेकून उभी राहिली. हिरवी लांब गेली, आवाज लांब गेला, आणि ज्याच्यासाठी आपण जळतो ते आपल्याच हाताने नीट बसवून दिलं म्हणून तिला स्वतःचा संताप आला. एक नट ढिला ठेवला असता तर! असं मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला शिसारी आली. बाबा होते गाडीत. आणि धाकटी होती. तिने चेहऱ्यावरून बाही फिरवली.

परत येताना हिरवी तिला समोरून दिसली. आजवर तिने ती खालून पाहिली होती, आतून पाहिली होती. रस्त्यावर धावताना अशी कधी पाहिली नव्हती. खांदे रुंद करून चालणाऱ्या पैलवानासारखी ती येत होती, चाकं मडगार्डच्या कमानीत नेमकी भरलेली. सुंदर दिसत होती. हे कबूल करायलाही थोरलीला त्रास झाला.

धाकटी इंजिन चालूच ठेवून उतरली. "दोघंच चालतात ना? मग मी थांबते. तू चालव."

"मी?"

"बाबांना हळू चालवलेलं आवडत नाही, एवढं लक्षात ठेव."

थोरली बसली. चावी फिरवायची नव्हती, फक्त गिअर टाकायचा होता. इतकी वर्षं तिने ही गाडी दुकानात आत-बाहेर केली होती, रस्त्यावर नाही. स्टीयरिंग जड लागलं, रस्त्यातला खडा न् खडा हाताला कळत होता. बाबा डोकं मागे टेकून ऐकत होते.

"बाबा," ती समोर बघत म्हणाली, "गाडी मला का नाही दिलीत?"

"तुला गाड्यांचा कंटाळा असेल असं वाटलं. दिवसभर त्यातच असतेस."

थोरलीला हसावं की गाडी थांबवून रडावं कळेना. एवढंच? तिने यामागे किती काय काय रचलं होतं!

"आणि तिने मागितली," बाबा म्हणाले. "एवढीशी होती तेव्हापासून मागत होती. तू कधी बोलली नाहीस."

"बोलायला लागतं का?"

"मला लागतं गं. इंजिनाचं ऐकून कळतं, माणसाचं नाही कळत."

पुढचा रस्ता मोकळा होता. तिने पाय दाबला. हिरवी दचकल्यासारखी झाली आणि मग अशी सुटली की बाबांनी दाराची मूठ धरली आणि लहान मुलासारखे खिदळले. गोदामापाशी वळायचं होतं; ती वळली नाही. सरळ पुढे गेली, मोठा फेरा घेतला, मग परत आली.

धाकटी भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती. "एवढा वेळ?" ती म्हणाली. आवाज हसरा होता, पण नजर गाडीच्या चारही बाजूंनी फिरून आली, आणि ती नजर थोरलीला चांगलीच ओळखीची वाटली. स्वतःच्या तोंडावर ती कितीतरी दिवस वागवत होती.

"स्टीयरिंग जड झालंय," थोरली म्हणाली. "पुढच्या टायरांत हवा थोडी वाढवू. आणि मागची कड आणखी वळवावी लागेल, तिघं बसतील अशी. उद्या करते."

"चालेल."

"आणि दुसरं." थोरलीने चावी काढून मुठीत धरली. बोलायची सवय नसल्याने शब्द जरा फटकळच आले. "वर्षातून दोन महिने गाडी माझ्याकडे राहील."

धाकटीचा चेहरा पडला. लगेच सावरला, पण पडला खरा. "दोन?"

"दोन."

"तू तिला दुकानात उभी करून ठेवशील."

"आत्ता काय उभी केली होती?"

"एक महिना," धाकटी म्हणाली. "आणि पावसात बाहेर काढायची नाही."

"दीड. आणि हातमोजे गाडीबरोबर येतील."

"हातमोजे नाही हं, ताई!"

"मग दोन महिने."

"अरे, माझे हातमोजे," बाबा गाडीतून ओरडले, "मला विचारा की कुणीतरी!"

पण त्या दोघी तोवर भांडणात चांगल्या रंगल्या होत्या.