विभूतीचे पट्टे

कुणाच्या तरी मोबाइलवरच्या स्टेटसवरून बाजारात दंगा उसळला आणि शाळा दुपारीच सोडली. घरी जायला एकच काळी-पिवळी जीप मिळाली. मागच्या सीटवर मी आणि इरम्मा. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसतो. तिच्या डब्यातली शेंगाची चटणी निम्मी माझ्याच पोटात जाते.

फाट्याच्या अलीकडं ड्रायव्हर म्हणाला, "पोरं गाड्या अडवायलीत. नावं इचारायलीत."

माझं नाव रुबिना. आजवर ते मला कधी जड झालं नव्हतं. आता मात्र मी दप्तरावरचं नाव हातानं झाकलं.

इरम्मानं कंपासपेटी उघडली. पेपरच्या दिवशी कपाळाला लावायला ती त्यात विभूतीची वडी ठेवते. नापास व्हायची ती होतेच, ते सोडा. बाटलीतल्या पाण्यानं बोटं भिजवून तिनं माझ्या कपाळावर तीन पट्टे ओढले.

"अगं, अम्मी बघंल..."

"गप. तू शिवप्रिया. माझी मावसबहीण."

जीप थांबली. काठीवाल्या एका पोरानं आत डोकं घातलं. इरम्मानं न विचारताच माझं नवं नाव सांगून टाकलं. तो माझ्या गळ्याकडं बघत राहिला.

"हिचं इष्टलिंग कुठंय?"

लिंगायतांच्या गळ्यात असतं ते लिंग इरम्माच्या गळ्यात होतं, माझ्या नव्हतं. हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिनं माझा हात घट्ट धरला.

"ए शांतलिंगा, तुमच्यातली हाय का रं ही?"

शांतलिंग पुढं आला. आमच्याच वर्गातला, रोज माझी गणितं उतरवणारा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पट्ट्यांकडं पाहिलं. आता संपलं, असं वाटलं मला.

"व्हय. आमच्यातलीच हाय."

जीप सुटल्यावर मला रडू कोसळलं. घराजवळ मी ओढणीनं पट्टे पुसले.

शाळा पुन्हा भरली. सरांनी हजेरीत माझं नाव घेतलं आणि मी आधी खिडकीकडं बघितलं. वर्गाच्या खिडक्या रस्त्याकडं उघड्या होत्या. सरांनी पुन्हा पुकारलं, "रुबिना!"

इरम्मा उभी राहिली. "हजर, सर."

"तू रुबिना हायेस का गं?"

पोरं हसली. शांतलिंग खाली मान घालून बसला होता.

"व्हय सर," इरम्मा मोठ्यानं म्हणाली. "कुणी इचारलं, तर मीच रुबिना."

खिडकीबाहेर कोण ऐकतंय, हे तिनं एकदाही पाहिलं नाही. मी तिचा हात घट्ट धरून तिकडंच बघत होते.