मशीन वाचत नाही ते कार्ड

कॉम्प्युटरच्या कार्डांवर टिपणं कशी लिहायची, याचं माहितीपत्रक आमच्या कारखान्यात मीच लिहिलं. १९६६ सालची गोष्ट. कार्डाच्या पहिल्या घरात C असला की मशीन ते कार्ड सोडून देतं, एवढंच सांगायचं होतं. पण मला शहाणपणा भारी. खाली ठोकून दिलं: 'तिथे मनाला येईल ते लिहा.'

आणि स्वतः लिहिलंही. आदल्या आठवड्यात माझं एक गणित चुकीचं निघालं होतं, त्याचा राग होता. पंचिंगला द्यायच्या कागदावर C टाकून इंग्रजी अक्षरांत मराठी खरडलं: 'वसुमती झोपेत पंच करते. आकडे तपासा.' साहेब शेषगिरी कानडी, त्यांना कुठलं कळायला! वसुमती म्हणजे आमच्या कागदांवरून कार्डांत भोकं पाडून ती पंच करणारी मुलगी, इथल्याच मल्लेश्वरम भागातली, घरी माझ्यासारखीच मराठी बोलणारी. गणिताची ती चूक तिच्या पंचिंगची ठरली आणि त्यापायी तिची नोकरी पक्की व्हायची अडली होती. कागद मी पंचिंगच्या खोलीच्या तिच्याच खिडकीत टाकला, आणि ती तो वाचेल हे डोक्यातच आलं नाही. खोटं कशाला बोलू, खिडकीपलीकडेही मला मशीनच दिसत असे.

मशीन टिपण सोडून देतं, पण छापतं. दुसऱ्या दिवशी छापील कागदावर ती ओळ जशीच्या तशी होती. शेषगिरींनी त्या ओळीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. कागद घेऊन आलेली वसुमती तिथेच उभी होती.

"आकडे पुन्हा तपासा म्हणून लिहिलंय, सर," ती म्हणाली. साहेबांनी मलाच शाबासकी दिली.

बाहेर तिने आदल्या आठवड्याचा माझा कागद पुढे केला. माझा एकचा आकडा अगदी सातासारखा होता. तिने त्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता.

"मी तेव्हाच विचारायला आले होते, अण्णा. तुम्ही 'आहे तसं पंच कर' म्हणालात."

मला आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांना खरं सांगायला दारापर्यंत गेलो आणि भित्र्यासारखा परतलो. माहितीपत्रकातली ती ओळ तेवढी खोडली आणि लिहिलं: 'हे कार्ड मशीन वाचत नाही, पंच करणारी वाचते.' तिला नेऊन दाखवलं.

"हे सरी, बरोबर झालं, अण्णा," ती म्हणाली. "पण ती चूक साहेबांकडे अजून माझ्याच नावावर आहे."

तो गोल केलेला आणि ती ओळ छापलेला, असे दोन्ही कागद घेऊन मी पुन्हा साहेबांच्या दाराशी गेलो. या वेळी ढकललं.