शहाण्णव की एकशे आठ

"वहिनी, स्की निवडायच्यात, औषधाचा डोस नाही," कल्याणी म्हणाली. "आवडली की घ्यायची!"

सुलेखा न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात फार्मसिस्ट होती, आणि नणंदेची असली बोलणी तिच्या सवयीची होती. रुआपेहू डोंगरावर, स्कीच्या उतारांपाशी, आज एका दुकानाने तंबू टाकला होता. दिवसभर त्यांच्या स्की वापरून पाहायच्या आणि संध्याकाळी निर्णय सांगायचा. सुलेखाने घेतलेली बायकांची जोडी बुटाखाली शहाण्णव मिलिमीटर रुंद होती. कल्याणीची स्वतःची जोडी एकशे आठ. रुंद स्की ताज्या बर्फावर तरंगते. कडक बर्फावर मात्र तिची कड रुतायला वेळ लागतो. या डोंगरावर एकाच उतारावर दोन्ही भेटत.

"माझ्या घालून बघ, मग ठरव," कल्याणी लिफ्टच्या वरच्या टोकाला म्हणाली. दोघींचे बूट एकाच दुकानातले, एकाच मापाचे. घरात साड्या, चपला, स्वेटर यांची अदलाबदल रोजचीच होती. खट्, खट्. बूट बसले. कल्याणी शहाण्णववर उभी राहिली आणि निघालीसुद्धा.

"थांब गं!"

"खाली भेटू!"

सुलेखा वाकून पट्टा घट्ट करत होती, तेव्हा तिला बाइंडिंगवरचा आकडा दिसला. साडेसात. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती जोर आल्यावर सुटायचं, तो हा आकडा. तो माणसाच्या वजनावर आणि वेगावर ठरतो. सुलेखाचा साडेचार होता. तंबूतल्या माणसाने तिला विचारूनच तो लावला होता.

म्हणजे कल्याणी आता साडेचारवर होती. तिच्यापेक्षा बरीच वजनदार, दुप्पट वेगाची कल्याणी. मऊ बर्फात काही झालं नसतं. पण खाली उतार संपताच खडकांच्या वरून जाणारी अरुंद वाट होती, आणि तिथे दुपारपासून सावली होती. तिथला बर्फ काचेसारखा झाला असणार. त्यावर स्की जोरात थरथरली की साडेचार सुटणार.

फोन? तो कल्याणीच्या बॅगेत, आणि बॅग सुलेखाच्याच पाठीवर होती.

ती सरळ खाली सुटली. ताज्या बर्फात एकशे आठ खरंच तरंगत होत्या. आजवर ती इतक्या वेगाने कधीच गेली नव्हती, आणि आपण पडलो तर या स्की सुटणार नाहीत, गुडघा सुटेल, हेही तिला ठाऊक होतं. मग पायाखालचा आवाज बदलला. खरखर. तिने वळायचा प्रयत्न केला. स्की आडव्या घसरल्या, कड रुतेना. दात आवळून ती नुसती उभी राहिली.

पुढे नारिंगी जॅकेट दिसलं. कल्याणी वाटेच्या तोंडाशी पोचत होती.

"कल्याणी, थांब!"

जॅकेटने हात हलवला आणि वेग कमी केला नाही. सकाळपासून सुलेखा इतक्या वेळा 'थांब' म्हणाली होती की त्या शब्दात आता काही उरलं नव्हतं.

"कल्याणी! मी पडले! पाय मोडला!"

नारिंगी जॅकेट गर्रकन वळलं. कल्याणीने दोन्ही स्की आडव्या मारल्या. बर्फाचे कण उडाले आणि डावी स्की टप्पकन सुटली. कल्याणी तिथेच, सपाटीवर, कुशीवर पडली. सुटलेली स्की ब्रेकचे मागचे दोन काटे खरवडत वाटेवर गेली, तिरकी झाली, कडेवर क्षणभर रेंगाळली आणि दिसेनाशी झाली. खालून खडकावर आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

सुलेखा घसरत घसरत तिच्याजवळ येऊन थांबली.

कल्याणी बसूनच त्या रिकाम्या कडेकडे पाहत होती. "अगं, मी काहीच केलं नव्हतं. फक्त वळले."

"साडेचारवर होतं. माझ्या वजनाचं."

"आणि तुझा पाय?"

"ठीक आहे."

"खोटं बोललीस?" कल्याणीने तिच्या दोन्ही पायांकडे पाहिलं. "तू?"

सुलेखाने मान डोलावली. तिने एकशे आठ काढल्या, कल्याणीला हात देऊन उठवलं, आणि दोघी वाट सोडून आतल्या बाजूने, बुटांच्या टाचा रोवत चालत खाली आल्या.

तंबूत टेबलामागच्या मुलीने हसून विचारलं, मग, ठरलं का?

"शहाण्णव," सुलेखा म्हणाली आणि उरलेली एक स्की टेबलावर ठेवली. "हीच जोडी माझ्या नावावर लावा. मग काय झालं ते सांगते."

"आणि माझं बाइंडिंग?" कल्याणी मागून म्हणाली. "वहिनी, आधी आकडा बघ. मी थांबते."