सात रजयांचं घर

भूमच्या खाजाभाई पिंजाऱ्याचा तळहात साऱ्या पेठेत मशहूर होता. कापसाच्या ढिगात हात खुपसून, डोळे मिटून तो सांगायचा, हा कोरडा आणि हा रात्री दवात, अंगणात राहिलेला. अशा माणसाच्या घरात माळ्यावर सात नव्या रजया, आणि त्यात झड लागलेली. पुढं जे झालं त्यात पावसाचा दोष फार थोडा.

रजया सायराच्या लग्नाच्या होत्या. कापूस खाजाभाईनं पिंजला, पण शिवल्या त्याच्या बायकोनं, खैरुनबीनं. घरचं सगळं आवरून दोन वर्षं ती टाके घालत होती. सायरा त्यांची एकुलती एक. तिनं सासरी जावं ते या सात रजया घेऊन, एवढंच तिच्या आईला हवं होतं. पण त्यांच्यात एक रीत होती. निकाहची तारीख धरायच्या आधी मुलाचा बाप यायचा, रजईची शिवण चार बोटं उसवून आत हात घालायचा आणि तो हात नाकाशी न्यायचा. कुबट वास आला तर सोयरीक मोडली.

भूमच्या माणसाला ओल ठाऊक नसते. कोरडा मुलूख, आभाळाकडं बघण्यातच जन्म जातो. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या साली मात्र बारा दिवस झाले तरी झड उघडली नाही, माळवदाच्या छताची माती भिजली आणि माळ्यावर गारवा उतरला. खाजाभाई शिडीनं वर गेला, रजयांवरून हात फिरवला आणि वरूनच म्हणाला, "खैरुन, शेगडी वर दे."

"आन् सैपाक कुठं करू?"

"तू बी वर ये."

व्याही आठ दिवसांवर आलेले. खैरुनबीनं पदर खोचला. शेगडीमागून तवा गेला, पिठाचा डबा गेला, पाण्याची घागर गेली. निखारे आणि कापूस शेजारी शेजारी, तेव्हा राखण हवीच, म्हणून अंथरुणंही वर गेली. बघता बघता तीन माणसं जिथं उभं राहता येत नाही अशा माळ्यावर वाकून संसार करू लागली आणि खाली सगळं घर मोकळं पडलं. शेजारची कडूबाई विरजण मागायला आली. रिकाम्या घरात छतातून एक हात वाटी घेऊन खाली आला, तशी ती वाटी न घेताच पळाली.

चौथ्या दिवशी खाजाभाईनं पुन्हा रजयांवर हात ठेवला आणि तोंड पाडलं. "ओल वाढलीया." मग त्यानं शिजणाऱ्या डाळीकडं बघितलं, सायराकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "आभाळाचा गुन्हा न्हाय. ही वाफ आपली हाय. माणूस लई ओलं असतंय."

"मग काय करावं आमी? दोरीवर वाळत पडावं?"

खाजाभाईच्या डोक्यात एकदा काही शिरलं की त्यापुढं हात टेकावे लागत, आणि वैताग असा की त्याच्या बोलण्यात थोडं तरी खरं असे. रजया खाली खाटेवर आल्या. खाटेचे पाय विटांवर चढवले, खाली राख पसरली, कोपऱ्यात मिठाची मडकी ठेवली. माणसं मात्र वरच राहिली, कारण ती ओली. बाहेर जाता-येता रजयांजवळून श्वास धरून जायचं, असा कायदा झाला. सायरा दारापर्यंत लालबुंद होऊन पोचायची. खुद्द खाजाभाईला दमा, तो अर्ध्या वाटेतून दोनदा माळ्यावर परतायचा.

खैरुनबीची कंबर मोडून आली होती. एकदा तारीख ठरू दे, रजया पोरीसंगं जाऊ देत, मग मी माझ्या घरात ताठ चालेन, एवढ्या आशेवर ती भाकऱ्या थापत होती.

मकबूलभाई, मुलाचा बाप, उमरग्याहून एस.टी.नं आला तो नखशिखांत भिजून. खाजाभाईनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"सलाम, भाईजान. श्वास धरा आन् सरळ शिडीवर चढा."

पाहुणा चढला. दुसरं काय करणार? माळ्यावर गुडघ्यात डोकं घालून त्यानं पिठलं-भाकरी खाल्ली, कपडे वाळवले, आणि ओढ्याला पाणी आल्यानं मुक्कामही तिथंच केला. सकाळी पुरता वाळल्यावर त्याला खाली आणलं. त्यानं शिवण उसवली, हात घातला, नाकाशी नेला. वरून खैरुनबी शिडीचा दांडा घट्ट धरून बघत होती.

"कोरडी ठाक," मकबूलभाई म्हणाला. "असा कापूस म्या बघितला न्हाय. तारीख धरा."

खैरुनबीचा जीव भांड्यात पडला.

"पर एक हाय," तो खाटेभोवती हिंडत, राख, विटा, मडकी बघत म्हणाला. "आमचं घर तीन जागी गळतंय. आमी चूल बी खालीच पेटवतो, श्वास बी घेतो. असली देखभाल आमच्यानं व्हायची न्हाय, खाजाभाई. पोरगी तेवढी द्या. रजया तुमच्यापाशीच ठेवा."

आणि खाजाभाईची छाती फुगली. तारीफ झाली होती ना. त्यानं छातीवर हात ठेवून कबूल केलं.

आठवड्यानं निकाह झाला. सायरा एका पत्र्याच्या पेटीनिशी, आईच्या गळ्यात पडून, उमरग्याच्या एस.टी.त बसली. झड चालूच होती. घरी आल्यावर खाजाभाई सवयीनं श्वास धरून शिडी चढला. खैरुनबी मात्र खाटेपाशीच थांबली. सात रजया घडी घालून एकीवर एक होत्या. आपल्याच हातानं घातलेल्या टाक्यांवर तिनं हात ठेवला आणि तिला हुंदका आवरेना.

वरून खाजाभाईचं तोंड दिसलं. त्याचेही डोळे भरले होते.

"खैरुन, तिथं रडू नगं," तो म्हणाला. "वर येऊन रड. त्यांना ओल धरंल."

खैरुनबीनं वर बघितलंही नाही. तिनं सगळ्यात वरची रजई उलगडली, खाटेवर आडवी झाली आणि ती तोंडावर ओढून पोटभर रडली.