छातीच्या उंचीवर

पावणेसहाला धोंडप्पा उठले. स्नान केले, गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन पूजा केली, कपाळाला विभूती लावली आणि कमरेला पट्टा आवळला. बायकोने, गुरम्माने, दिलेला चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. एकदा बसले की उठताना भिंतीचा आधार लागे. लातूरच्या मोंढ्यातून, धान्यबाजारातून, आदल्या दिवशी भरलेला सोयाबीनचा ट्रक घरासमोर उभा होता.

गुरम्मा विभूतीची डबी घेऊन बाहेर आली. तिने पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी घातले आणि केबिनच्या मागे डाव्या अंगाला गेली. तिथे छातीच्या उंचीवर, वेल्डिंग केलेल्या लोखंडी पट्टीवर ऑइलचा फिल्टर बसवलेला होता. त्याच्यावर तिने तीन बोटांनी तीन आडव्या रेघा ओढल्या.

धोंडप्पांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झाले आणि त्याच्या पोटातून कोरडी कडकड आली. तेलाचा दाब येईपर्यंत समोरचा लाल दिवा पेटलेला राही. दिवाळीत तो पाच मोजेपर्यंत विझत असे. आज अकरा मोजावे लागले.

"अवं, आज लई येळ कडकडलं," गुरम्मा खालून म्हणाली.

"थंडी हाय."

"चैतात कुठली थंडी?"

त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

हा फिल्टर मूळचा खाली, इंजिनाच्या कुशीत होता. तो बदलायचा तर गाडीखाली पाठीवर सरकत जावे लागे, आणि मणक्याच्या ऑपरेशननंतर धोंडप्पांना ते जमेनासे झाले. दोन वर्षांपूर्वी मल्लेशने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, यावर उपाय काढला होता. आयटीआय करून तो नुकताच घरी आला होता. "आप्पा, हिकडं या. सरळ हुबं ऱ्हावा," असे म्हणून त्याने त्यांना ट्रकला टेकून उभे केले आणि त्यांच्या छातीशी खडूने रेघ मारली. इंजिनापासून तिथपर्यंत दोन रबरी होज आणले आणि फिल्टर तिथे चढवला. "आता माज्या बापाला कुणापुढं वाकायचं काम न्हाई," तो म्हणाला, आणि विभूतीच्या पहिल्या तीन रेघा त्यानेच ओढल्या. तीन महिन्यांनी त्याला कावीळ झाली. नवव्या दिवशी तो गेला. शेताच्या बांधाला त्याची समाधी आहे; पण गुरम्मा तिकडे जात नाही. ती रोज सकाळी इथे येते.

नांदेडच्या तेल गिरणीत माल उतरवून धोंडप्पा दुपारी वैजनाथच्या गॅरेजवर आले. वैजनाथ चाळिशीचा, बडबड्या मेकॅनिक. त्याने खालून थोडे ऑइल तळहातावर घेतले, उन्हात धरले आणि बोटाने चोळून पाहिले. काळ्या तेलात पितळी चकाकी होती.

"मामा, बेअरिंग झिजून राहिलंय."

"किती दिस चालंल?"

"महिना. लई झालं तर दोन, हे असंच ठिवलं तर. मंग इंजिन जाम." त्याने हात पुसला. "पोरानं वेल्डिंग इंजिनेरावाणी केलंय, पण जागा चुकली. गाडी बंद केली की तेल सगळं खाली उतरतंय. सकाळी पंपानं ते पुन्हा छातीपतुर चढवायचं. तवर बेअरिंग कोरडंच फिरतंय."

"त्यानं इंजिनाचं माप घेतलं न्हाई," धोंडप्पा म्हणाले. "माजं घेतलं."

वैजनाथने उगीच पाना या हातातून त्या हातात घेतला.

"मधी आनखी एक झडप बसवली तर? तेल खाली यायचं न्हाई."

"पावसाळ्यात बसवली व्हती की आपण. फिल्टर उलटा टांगून बी बघितला. उंचीच लई हाय."

दोघे ट्रकभोवती फिरले. पुढे बंपरच्या मागे जागा होती, पण एक खडा लागला की तेल रस्त्यावर. डाव्या पायरीशी सायलेन्सरची धग होती. होज भाजून निघाला असता. उजवीकडे डिझेलची टाकी. धोंडप्पा प्रत्येक ठिकाणी कमरेवर हात ठेवून वाकून बघत होते, आणि प्रत्येक वेळी सरळ व्हायला त्यांना थोडा अधिक वेळ लागत होता. शेवटी वैजनाथ जमिनीवर बसला आणि त्याने चेसिसच्या आत, इंजिनाच्या तळाशी बोट दाखवले.

"हितंच, मामा. दुसरी जागा न्हाई."

"म्हंजे मला हात लावता यायचा न्हाई."

"मी हाय की. नांदेडला येताच तुमी."

"आन् तिला बी दिसायचा न्हाई."

वैजनाथला विभूतीचे ठाऊक होते. ट्रक दुरुस्तीला आला की तो दर वेळी त्या रेघा बघत असे. "मामीला इचारून घ्या. फोन लावू का?"

धोंडप्पांनी त्या तीन रेघांकडे पाहिले. तिला विचारले असते, तर ती 'काढा' म्हणाली असती. ते तिच्या तोंडून वदवून घेणे त्यांना नको होते.

"तेरा नंबरचा पाना दे," ते म्हणाले.

फिल्टर त्यांनी स्वतःच उतरवला. त्यासाठी वाकावे लागले नाही.

"पट्टी राहू देऊ का?" वैजनाथने विचारले. "कशाला नडत न्हाई."

"काप. रिकामी दिसली तर ती पट्टीलाच लावत बसंल."

वैजनाथने कटर लावला. पट्टी तुटून खाली पडली, तसा तो नवा फिल्टर आणि नवे होज घेऊन गाडीखाली सरकला. धोंडप्पांनी खिशातला रुमाल काढून फिल्टरवरची विभूती पुसली, रुमालाची घडी करून पुन्हा खिशात ठेवली आणि फिल्टर भंगाराच्या डब्यात टाकला.